लहान मुलांसोबत क्रूझचा पहिला दिवस: काय त्याच दिवशी करायचं आणि काय खुशाल उद्यावर टाकायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेचार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा घेऊन एक जोडपं पहिल्यांदाच सात रात्रींच्या क्रूझला निघालंय. दुपारी बाराच्या सुमारास जहाजावर चढायचं, पाचला जहाज सुटणार. बाबांचं म्हणणं, पहिल्याच दिवशी सगळं जहाज फिरून घेऊ, म्हणजे पुढचे दिवस मोकळे. आईला मात्र सामान, लाईफ जॅकेटची कवायत, पूल, किड्स क्लब, मुलांची झोप या सगळ्याचं एकदमच दडपण आलंय. तिने विचारलंय, हा दिवस आखायचा तरी कसा?

मी ११ वर्षं प्रवासी जहाजांवर मुलांच्या विभागात काम केलं. पुढे स्वतःची दोन मुलं घेऊन प्रवासी म्हणूनही चढले. हा दिवस दोन्ही बाजूंनी इतक्यांदा पाहिलाय की एक गोष्ट ठामपणे सांगते: चढण्याचा दिवस सुट्टीत धरूच नका. तो घर बदलण्याचा दिवस आहे. नव्या घरात सामान येतं त्या दिवशी आपण मुलांना सगळी वसाहत दाखवायला नेत नाही. झोपायचं कुठे, पाणी कुठे, संडास कुठे एवढं दाखवतो, वेळेवर जेवायला घालतो आणि निजवतो. जहाजावरही तेवढंच करायचं. त्यातही त्याच दिवशी व्हायलाच हवीत अशी कामं दोनच: सुरक्षेची कवायत आणि किड्स क्लबची, म्हणजे जहाजावर मुलांना खेळायला सोडायच्या जागेची, नोंदणी. बाकी सगळं उद्या केलं तरी काही बिघडत नाही.

तुमच्या मिस्टरांची हौस मी समजू शकते. २०२४ साली सेवेत आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज सुमारे ३६५ मीटर लांब आणि वीस मजली आहे. तुमचं जहाज त्याच्या निम्मं असलं तरी साडेचार वर्षांच्या पायांना ते गावाएवढंच. दुपारी दोनला हसत पळणारी मुलं संध्याकाळी सहाला लिफ्टसमोर फतकल मारून रडताना मी दर फेरीला पाहिली आहेत. आईबाबांना वाटायचं, मूल जहाजाला घाबरलं. ते नुसतं दमलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा भुकेलेलं.

आता सामान. मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दाराशीच हमालांच्या ताब्यात जातात. त्यांना केबिन नंबरचे टॅग असतात, त्या एक्स-रेतून जातात आणि दुपारपासून रात्री आठपर्यंत कधीही केबिनच्या दाराशी येतात. दोन आधी येतात, तिसरी दोन तासांनी. म्हणून हातातली बॅग भरताना असं समजा की मोठ्या बॅगा उद्या सकाळीच मिळणार आहेत. पासपोर्ट आणि कागदपत्रं, सगळ्यांची सगळी औषधं, एरवी दिवसाला लागतात त्याच्या दुप्पट डायपर, मुलांचे दोन-दोन जोड आणि रात्रीचे कपडे, धाकट्याचं दूध. आणि झोपताना ज्याच्याशिवाय चालत नाही ती वस्तू. एका फेरीला रात्री पावणेदहाला एक बाबा क्लबच्या दारात आले, कडेवर हुंदके देणारी तीन वर्षांची मुलगी. तिचा राखाडी कापडी हत्ती ज्या बॅगेत होता तिचा टॅग फाटला होता. आम्ही दोघं खालच्या डेकवर गेलो. तिथे बिनटॅगच्या बॅगा रांगेत उभ्या होत्या. त्यांनी आपली ओळखली, हत्ती काढला. वर येईपर्यंत मुलगी बाबांच्या खांद्यावर झोपून गेली होती, एका हातात त्या हत्तीचा कान घट्ट धरून. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: बाहुली, पांघरूण, जे काही असेल ते हातातल्या बॅगेत, सगळ्यात वर.

बॅग अडकण्याचं आणखी एक कारण असतं. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड अशा वस्तू आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर चालत नाहीत. एक्स-रेत दिसल्या की बॅग बाजूला ठेवतात आणि ती उघडून दाखवायला तुम्हाला खाली बोलावतात. नेमकं मुलं पेंगुळलेली असताना. दुधाची बाटली गरम करायचं यंत्र न्यायचं असेल तर कंपनीला आधीच विचारून घ्या. घरी शिजवलेलं अन्नही बहुतेक कंपन्या आत आणू देत नाहीत. बाळाचं सीलबंद खाणं चालतं.

चढण्याची वेळ निवडायची मुभा असेल तर लवकरची घ्या. तुमचा धाकटा बहुधा दुपारी एकच्या आसपास झोपत असेल, आणि केबिन साधारण एक-दीडला उघडतात. अकराच्या सुमारास चढलात तर बाराला जेवण होतं आणि केबिन उघडल्याबरोबर त्याला झोपवता येतं. बाराला टर्मिनलच्या रांगेत उभे राहिलात तर त्याची झोप आणि गर्दी एकाच वेळी गाठतात. वेळ बदलणं शक्य नसेल तर त्याला स्ट्रॉलरमध्येच झोपू द्या आणि जेवणाच्या टेबलापाशीही उठवू नका. स्ट्रॉलर घडी होणारा, अरुंद असा न्या. केबिनमध्ये जागा थोडी असते आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये तो ठेवता येत नाही, कारण ती आणीबाणीत बाहेर पडायची वाट असते. मुलांची आणि तुमची आडनावं वेगळी असतील तर जन्मदाखले जवळ असू द्या.

टर्मिनलवर तब्येतीबद्दल काही प्रश्न विचारतात: गेल्या काही दिवसांत कुणाला उलट्या-जुलाब झाले का, ताप आला का. खरं सांगा. जहाजावर पोटाचा विकार पसरवणारा नोरोव्हायरस फार चिवट असतो आणि मुलांच्या हातांवरून झपाट्याने फिरतो. जागोजागी सॅनिटायझरच्या बाटल्या दिसतील, पण नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा प्रभाव कमी पडतो. जेवणाआधी, संडासानंतर आणि लिफ्टची बटणं दाबून झाल्यावर साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुणं हाच खरा उपाय. मुलीला पहिल्याच जेवणाआधी ही सवय लावा. जहाजाचा नियम म्हणून सांगितलं की मुलं घरच्यापेक्षा सहज पाळतात.

आत आल्याबरोबर सगळी गर्दी बुफेकडे जाते. हातात ताटं, कडेवर मूल, बसायला जागा नाही. बऱ्याच जहाजांवर त्या दुपारी मुख्य डायनिंग रूमही जेवणासाठी उघडी असते, फक्त ती फारशी कुणाला माहीत नसते. चढताक्षणी कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारा. तिथे बसून जेवता येतं, वाढणारा ताट आणून देतो, शांतता असते. उघडी नसेल तर मग बुफे, पण एक जण मुलांना घेऊन आधी टेबल धरेल आणि दुसरा ताटं आणेल, असं.

केबिन उघडली की बॅग टाकून लगेच बाहेर पळू नका. पहिली पंधरा मिनिटं मुलांना तिथे घालवू द्या. केबिनचं दार जड असतं आणि सोडलं की आपोआप जोरात बंद होतं. चेंगरलेली बोटं ही जहाजावरची अगदी नेहमीची दुखापत. मुलीला सांगा, दार मोठ्या माणसानेच धरायचं. बाथरूमला उंबरठा असतो, बराच उंच. धाकटा पहिल्या तासात तिथे अडखळणार हे धरून चाला आणि त्याचं बोट धरून दोन-तीनदा तो ओलांडायचा खेळ करा. आणि टॉयलेट! जहाजावर ते हवा खेचून (व्हॅक्यूमवर) चालतं, फ्लश केल्यावर असा आवाज होतो की कित्येक मुलं नंतर दोन दिवस तिथे बसायलाच तयार होत नाहीत. डायपर नुकताच सुटलेल्या मुलांचा सगळा सराव यात मोडतो. म्हणून मुलीला आधी दारात उभं करा, झाकण बंद करा, कान झाकायला सांगा आणि बटण तिलाच दाबू द्या. स्वतः केलेल्या आवाजाची भीती वाटत नाही.

बाल्कनी असेल तर तिचा नियम जहाजावर येण्याच्या आधीच घरी ठरवून टाका: मोठं माणूस सोबत नसेल तर तो दरवाजा उघडायचा नाही. अमेरिकेच्या २०१० च्या क्रूझ सुरक्षा कायद्यात कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर, ठरवलेली आहे. साडेचार वर्षांच्या मुलीची उंची साधारण तेवढीच असते, म्हणजे नुसती उभी असताना तिला धोका नाही. धोका खुर्चीचा आहे. बाल्कनीत पाऊल टाकल्याबरोबर खुर्च्या आणि छोटं टेबल कठड्यापासून मागे, भिंतीला लावा. शक्य नसेल तर आत घ्या किंवा केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला काढून न्यायला सांगा. दरवाजाची वरची कडी आहे का पाहा आणि आत असताना ती कायम लावलेली ठेवा. याबाबतीत मी कुणाचंही 'आमची मुलगी शहाणी आहे' हे ऐकून घेत नाही. शहाणी मुलंच समुद्र नीट दिसावा म्हणून खुर्चीवर चढतात.

बाळासाठी कॉट बुकिंगच्या वेळीच मागितलेली असेल अशी आशा आहे. केबिनमध्ये दिसली नाही तर लगेच सांगा, रात्री नऊला नको.

मग बाहेर पडा, पण फक्त एका वाटेसाठी: केबिन ते लिफ्ट, लिफ्ट ते जेवणाची जागा, तिथून किड्स क्लब, परत केबिन. एवढंच तुमच्या मुलीचं पहिल्या दिवसाचं जहाज. परतताना तिला पुढे चालू द्या. कॉरिडॉरमध्ये सगळी दारं हुबेहूब सारखी असतात, मोठी माणसंही चुकतात. भिंती आणि दारं लोखंडी असल्यामुळे लोहचुंबक चिकटतो. तिने काढलेलं एखादं चित्र चुंबकाने दारावर लावा, बहुतेक जहाजांवर हे चालतं. केबिन नंबर तिला पाठ झाला तर उत्तमच, पण तिच्या खिशात तो लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर तिने शोधायला निघायचं नाही, जिथे आहे तिथेच थांबायचं आणि नावाची पट्टी लावलेल्या गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची, हेही याच फेरीत सांगा. असे दोन कर्मचारी तिला बोट करून दाखवा.

आता कवायत, जिला जहाजावर मस्टर ड्रिल म्हणतात. हिला कंटाळवाणं काम समजू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिव्हिताव्हेक्किया बंदरात चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाने ती चोवीस तासांच्या आत केली तरी चालायची. आता तसं चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी झालीच पाहिजे. बऱ्याच जहाजांवर हल्ली ती सोपी केली आहे: फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर एक चित्रफीत पाहायची, मग आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन केबिनचं कार्ड दाखवून यायचं. शेवटच्या अर्ध्या तासात तिथे झुंबड उडते, म्हणून जेवणानंतर केबिनकडे जाता-जाताच उरकून टाका. चौघांनी मिळून जा, 'मी एकटा कार्डं घेऊन जातो' असं करू नका. ती वाट मुलीच्या पायाखालून गेली पाहिजे. जुन्या पद्धतीने, सगळ्यांना एकाच वेळी उभं करून कवायत असेल तर अर्धा तास धरा, धाकट्याला झोळीच्या कॅरिअरमध्ये अंगाशी बांधा आणि मुलीला आधी बाथरूमला नेऊन आणा.

धोक्याचा इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. मुलीला हा आधीच तोंडाने म्हणून दाखवा, पूं पूं करत, बोटांवर मोजत. ओळखीचा झालेला आवाज ऐकून मूल दचकतं, पण गोंधळत नाही.

लाईफ जॅकेट वयावर नसतात, वजनावर असतात: १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचं, १५ ते ४३ किलोचं मुलांचं आणि त्यापुढे मोठ्यांचं. धाकट्याला पहिलं लागेल. मुलगी १५ किलोच्या आसपास असेल तर निघण्याआधी वजन करूनच या. एक दिवस किंवा त्याहून लांब सफरीवर प्रत्येक बाळासाठी बाळाचं जॅकेट जहाजावर असलंच पाहिजे, असा नियम आहे. ती कुठे केबिनच्या कपाटात असतात, कुठे मस्टर स्टेशनवर. कपाटात मोठ्यांचीच दिसली तर त्याच दुपारी विचारा, 'मुलांची कुठे मिळतील?' मिळाली की मुलीला एकदा घालून पाहा. मानेजवळ घट्ट बसतंय का, दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाय का, आणि खांद्यांपाशी धरून वर ओढलं तर ते हनुवटीच्या वर सरकतंय का. सरकत असेल तर पट्टे आवळा. त्याला लावलेली शिट्टी ती वाजवून पाहणारच. एकदा वाजवू द्या आणि मग सांगा, ही फक्त पाण्यात वाजवायची.

किड्स क्लब. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझं आयुष्य तिथे गेलं.

बहुतेक जहाजांवर क्लबची वयाची अट तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला अशी असते. म्हणजे मुलीला प्रवेश मिळेल, धाकट्याला नाही. त्याच्या वयासाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, तिथे जागा मोजक्या असतात आणि आधी वेळ घ्यावी लागते, बहुधा वेगळे पैसेही पडतात. एखादी संध्याकाळ दोघांनाच हवी असेल तर ती पहिल्या दुपारीच नोंदवा, दुसऱ्या दिवशी जागा उरत नाहीत. काही जहाजांवर नुसती खेळायची खोली असते, तिथे आईबाबांपैकी कुणीतरी सोबत बसायचं.

नोंदणीच्या फॉर्मवर ॲलर्जी, औषधं, मुलाला घेऊन जायची परवानगी कुणाकुणाला, हे विचारतात. ते नीट भराच. पण काउंटरवरच्या ताईला फॉर्मबाहेरच्या दोन गोष्टी सांगा. एक, मुलगी शू लागल्यावर नेमकं काय म्हणते किंवा काय करते. क्लबमध्ये बोलली जाणारी भाषा तिला येत नसेल तर तिचे पाच-सहा शब्द अर्थासह त्यांना वाचता येतील अशा लिपीत लिहून द्या: पाणी, शू, भूक, झोप, आई. माझ्याकडे असे कागद असायचे, मी ते काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायचे. एक चार वर्षांचा मुलगा तासभर एकच शब्द म्हणत राहिला होता आणि आमच्यापैकी कुणालाच तो कळेना. शेवटी त्याचे आईबाबा आले तेव्हा समजलं, त्याला फक्त बूट काढायचे होते. दुसरी गोष्ट, ती रडली तर कशाने शांत होते. कडेवर घेऊन, एकटं सोडून, की गोष्ट सांगून. 'ती खूप हुशार आहे' हे प्रत्येकजण सांगतो, त्याचा आम्हाला उपयोग होत नाही.

आणि तुम्ही त्यांना एक प्रश्न विचारायचाच: मुलगी इथे असताना धोक्याचा भोंगा झाला तर तिला कोण, कुठे आणणार? जहाजाजहाजाची पद्धत वेगळी असते. कुठे कर्मचारी मुलांना घेऊन आईबाबांच्या मस्टर स्टेशनवर येतात, त्यासाठी मुलांच्या मनगटावर स्टेशनचा नंबर असलेला पट्टा बांधतात. कुठे आईबाबांनी क्लबमध्ये येऊन न्यायचं असतं. उत्तर माहीत नसेल तर त्या क्षणी तुम्ही जिन्यांवर उलट्या गर्दीतून धावत सुटाल आणि मुलगी दुसऱ्या बाजूने तुमच्याकडे येत असेल. पट्टा मिळाला तर तो आंघोळीलाही काढू नका.

पहिल्या दुपारी क्लब सगळ्या कुटुंबासाठी उघडा असतो. चौघं मिळून आत जा, वीस-पंचवीस मिनिटं खेळा आणि तिला अजून थांबायचंय तेव्हाच निघा. पहिल्या संध्याकाळी तिला तिथे एकटीला सोडू नका, ती स्वतःहून हट्ट धरत नसेल तर. नवी जागा, हलणारी जमीन आणि अनोळखी माणसं हे तिन्ही एकाच दिवशी नको. दुसऱ्या सकाळी सोडाल तेव्हा सांगून जा आणि सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात उभे राहा. मूल खेळात रमलेलं पाहून हळूच सटकणारे आईबाबा मला फार भेटले. त्यांची मुलं पहिल्या दिवशी रडायची नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दार सोडायची नाहीत.

पूलचं थोडक्यात. डायपरमधल्या मुलांना बहुतेक जहाजांच्या पूलमध्ये उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. बाळांसाठी उडत्या कारंज्यांची वेगळी जागा असेल तर तिथेच. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर थोरली पाण्यात आणि धाकटा काठावर आकांत करतोय, असं होतं. आणि सगळ्याच जहाजांवर जीवरक्षक नसतात, म्हणून मुलगी पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फोन बाजूला. माझा सल्ला, पहिल्या दिवशी पूल नकोच. तिने फारच धरलं तर चारच्या आधी अर्धा तास.

त्यापेक्षा जहाज सुटताना बघायला जा. सगळे वरच्या डेकवर, संगीताजवळ गर्दी करतात. तुम्ही खालच्या उघड्या डेकवर किंवा आपल्या बाल्कनीत थांबा. तिथून धक्का जवळ दिसतो. धक्क्यावरची माणसं मनगटाएवढे जाड दोर खुंटांवरून उचलून पाण्यात टाकतात, आणि ते दोर ओले, ठिबकत जहाजात ओढले जातात. मग जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची एक पट्टी दिसते, आधी हातभर, मग खोलीएवढी. मुलं ही पट्टी बघत राहतात. इंजिनाचा आवाज त्यांना नुसता आवाज असतो, पण 'आपण निघालो' हे त्या पट्टीवरून कळतं.

भोंग्याची मात्र तयारी ठेवा. दोनशे मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा भोंगा दोन सागरी मैलांवर, म्हणजे जवळजवळ पावणेचार किलोमीटरवर ऐकू जावा असा बनवलेला असतो. त्याचा सूर खर्जातला, छातीत घुमणारा. डेकवर अचानक झाला की दीड वर्षाचं मूल घाबरून आईच्या मानेत तोंड खुपसतं आणि तासभर खाली उतरत नाही. सुटण्याच्या सुमाराला धाकट्याचे कान तळव्यांनी झाकायला तयार राहा, कानांवर घालायचे मफ असतील तर उत्तम, आणि भोंगा असलेल्या उंच डोलकाठीपासून दूर उभे राहा. मुलीला सांगून ठेवा की तीन आखूड भोंगे म्हणजे जहाज सांगतंय, माझी इंजिनं उलटी चालली आहेत. तुमचं जहाज मागे सरकत धक्क्यातून निघणार असेल तर ती मोजायला लागेल.

बंदराबाहेर आल्यावर आणखी एक पाहण्यासारखं असतं आणि फार थोडे लोक ते पाहतात. जहाजाला वाट दाखवायला चढलेला पायलट तिथे उतरतो. एक छोटी बोट वेगात जहाजाला बिलगते, खाली पाण्याच्या जवळचं एक दार उघडतं, दोरीची शिडी लोंबते आणि तो माणूस पायऱ्या उतरून चालत्या बोटीवर पाऊल ठेवतो. पायलट आत असेपर्यंत अर्धा पांढरा, अर्धा तांबडा झेंडा वर असतो. माझ्या थोरल्याने पाच वर्षांचा असताना त्या माणसाला हात केला होता आणि त्यानेही शिडी सोडून बोटीवर आल्यावर वर बघून हात केला. सगळ्या प्रवासातलं त्याला आजही तेवढंच नीट आठवतं.

जहाज उघड्या समुद्रात आलं की थोडं डोलतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट सहसा लागत नाही, म्हणजे डोलण्याने मळमळत नाही. त्यानंतर हा त्रास वाढत जातो आणि शाळकरी वयात जास्त दिसतो. म्हणून लक्ष थोरलीकडे. ती अचानक गप्प झाली, जांभया देऊ लागली, रंग उतरला तर चित्रं-फोन बाजूला, मोकळ्या डेकवर, नजर क्षितिजावर. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलांना कधीच देऊ नका, आणि मोठी माणसं कानामागे लावतात ती औषधाची पट्टीही लावू नका. औषध न्यायचं ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, मात्रेसह लिहून घेऊनच. जहाजावर दवाखाना असतो, पण तिथे बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही आणि बिल वेगळं येतं.

रात्रीचं जेवण मुलांच्या घड्याळाने. मुख्य जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर लवकरची घ्या आणि बसताक्षणी सांगा, 'मुलांचं आधी आणा.' एवढ्या एका वाक्याने निम्मा त्रास वाचतो. त्या दिवशी दोघंही डोळे चोळत असतील तर डायनिंग रूम सोडून द्या, बुफेवर साडेपाचला गर्दी कमी असते. केबिनमध्ये मागवून जेवलात तरी काहीच चुकलं नाही. सात रात्री आहेत.

झोपण्याआधी एक छोटं काम. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, म्हणून बॅटरीचा छोटा रात्रदिवा न्या किंवा बाथरूमचा दिवा ठेवून दार फटीएवढं उघडं ठेवा. कपाटाची दारं डोलण्याने रात्रभर टकटक करतात, त्यात एक मोजा घडी करून अडकवा. वरचा पलंग मुलीला नको, कितीही हट्ट केला तरी. फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रावरच्या सॅटेलाइट नेटवर्कचं बिल भयंकर येतं.

आणि तुमच्या मिस्टरांची जहाज पाहायची हौस राहूनच जाते असं नाही. आठला मुलं झोपली की तुम्ही दिवा मंद करून आत बसा आणि त्यांना दोन तास बाहेर पाठवा. एकट्या माणसाला दोन तासांत वरपासून खालपर्यंत सगळं बघता येतं. त्यांनी फक्त एवढं हेरून यायचं: सकाळी सातला दूध आणि नाश्ता कुठे मिळतो, उद्या कुठल्या डेकवर सावली आहे, आणि धाकट्याला दुडुदुडु फिरायला गालिचा असलेली, पायऱ्या नसलेली मोकळी जागा कुठे आहे. उद्या रात्री तुम्ही बाहेर, ते आत.